जिजीचं म्हणणं

अशोककुमार शेवटी येऊन सगळं समजावून सांगतो, हे जिजीला कधी पटलं नाही. 'हम लोग' 1984 च्या जुलैत सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संपली. त्या दीड वर्षात दर भागाच्या शेवटी तो देखणा म्हातारा पडद्यावर यायचा आणि बसेसरराम कुठे चुकला, बडकीनं काय करायला हवं होतं, याचा हिशेब मांडायचा. खानदेशातल्या सावद्यात, आमच्या शेजारच्या केळीच्या व्यापाऱ्याकडे लसूण सोलत बसलेली जिजी मान वर न करता म्हणायची, "आम्ही पाह्यलं ते काय डोये मिटून पाह्यलं? हा कायले सांगतो?"

बाकीच्या बायका हसायच्या. ती हसायची नाही. तिला खरंच राग आलेला असायचा.

जिजी माझी थोरली काकू. गल्लीतल्या निम्म्या लोकांचीही ती जिजीच. थोरले काका मी जन्मायच्या कितीतरी आधी गेले, मूलबाळ नव्हतं, आणि दोन दिरांच्या भरल्या घरात तिनं बाकीचं सगळं आयुष्य काढलं. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं घोटीव. पण पोरीचं स्थळ पाहायचं, विहीर खोल करायची, यंदा मृगबाग लावायची की कांदेबाग, असलं काही ठरत असताना तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. ते सगळं ओसरीवर ठरायचं आणि आत नुसतं कळायचं. टीव्हीपुढे मात्र तिला अडवणारं कोणी नव्हतं. पडद्यावरच्या माणसांना नावं ठेवली म्हणून कोणाचा मानपान दुखावत नाही, कोणी रुसून जेवायचं थांबत नाही, आणि भाऊबंदकीत बोलणंही होत नाही.

आमच्याकडे टीव्ही आला तो हिंदी बोलतच आला. त्या वर्षांत देशभर जे छोटे प्रक्षेपक उभे राहिले ते मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवत. 'चिमणराव' आणि 'गजरा' ही मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी सुट्टीत येऊन सांगायची गोष्ट होती. दिलीप प्रभावळकर चिमणराव म्हणून कसे दिसतात हे मला फार उशिरा कळलं. हिंदीची अडचण मात्र जिजीला कधी झाली नाही. बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, आणि सावद्याच्या स्टेशनातून केळी निघायची ती थेट दिल्लीला. माझे मधले काका, म्हणजे आमचे नाना, रोज संध्याकाळी आझादपूरच्या आडत्याशी फोनवर असे ओरडून हिंदी बोलत की फोन नसता तरी त्याला ऐकू गेलं असतं. भाव पडला की त्या हिंदीत लेवा बोली मिसळायची. आतल्या खोलीत 'बुनियाद' आणि बाहेर आझादपूर, अशी आमच्या घरातली करमणूक होती.

कारण एव्हाना आमचाही टीव्ही आला होता. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. तो आतल्या खोलीत ठेवला आणि नानांनी आपली बंगई ओसरीवर अशी टांगली की त्यांची पाठ टीव्हीकडे राहील. मालिका हे बायकांचं काम, असं त्यांचं मत. पुढे मराठी कार्यक्रम दिसू लागले तेव्हाही त्यांच्या लेखी 'आमची माती, आमची माणसं' आणि बातम्या यापलीकडे टीव्हीला अर्थ नव्हता. प्रदीप भिड्यांचा आवाज आला की ते वळून बसत. बातम्या संपल्या की परत पाठ.

25 जानेवारी 1987 ला 'रामायण' लागलं आणि रविवारी सकाळी साडेनऊ वाजता आमच्या घरात पाय ठेवायला जागा राहिनाशी झाली. हे देशभर झालं, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. टीव्हीला हार घातले, उदबत्त्या लावल्या, रस्ते ओस पडले. मला त्यातलं आमच्या गावाचं म्हणून जे आठवतं ते वेगळं आहे. पहाटेपासून केळी कापणारे मजूर त्या वेळी बागेतून येत आणि दारातच उभे राहत. कितीही म्हटलं तरी सतरंजीवर बसत नसत. केळीचा चीक कपड्यांना लागला की त्याचा काळा डाग जन्मात निघत नाही, आणि तो सतरंजीला लागू नये म्हणून ती माणसं अख्खं रामायण उभ्यानं पाहत. जिजी त्यांच्यासाठी दारात गोणपाट टाकायची. टाकताना म्हणायची, "भरत चौदा वर्षं खाली बसला, तुमी अर्धा घंटा बसा."

जिजी रामाच्या पाया पडायची आणि रामाशी भांडायची. दोन्हींत तिला काही विसंगत वाटत नसे. मालिका संपत आली तेव्हा अग्निपरीक्षा आली. रामानंद सागरांनी तिथे तुळशीदासांच्या वाटेनं जाऊन तोड काढली होती: रावणानं नेली ती खरी सीता नव्हतीच, ती सावलीची सीता, खरी अग्नीकडे सुखरूप होती, आता फक्त परत घ्यायची आहे. राम हे लक्ष्मणाला समजावून सांगतो. खोलीतल्या सगळ्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या आईनं डोळे पुसले. जिजीनं विचारलं, "मंग त्या सावलीवालीचं काय?"

कोणाला कळेना.

"अशोकवनात इतके दिवस बसली तं तीच नं? रडली तीच. राक्षसिनींचं ऐकलं तिनंच. आता ती जळून गेली. तिचं कोन पाह्यलं?"

मी तेव्हा शाळेत होतो, पण एवढं समजलं की काहीतरी अडचणीचं विचारलं गेलंय. पुढे मी शिकायला पुण्यात आलो, रामायणावरची बरीच विद्वानांची व्याख्यानं ऐकली. छायासीतेमुळे देवत्वाला बट्टा लागत नाही, ही त्या युक्तीची बाजू सगळे सांगत. सावलीच्या बाजूनं उभं राहिलेलं मला जिजीखेरीज कोणी भेटलं नाही.

'महाभारत' 1988 च्या गांधी जयंतीला सुरू झालं. राही मासूम रझांचे संवाद, हरीश भिमाणींचा 'समय', आणि आपले नितीश भारद्वाज कृष्ण. गल्ली कृष्णावर लुब्ध होती. जिजीचं लक्ष भीष्मावर. मुकेश खन्नांची पांढरी दाढी, तो धीरगंभीर आवाज, सगळे हात जोडत. जिजी जोडत नसे. द्रौपदीला दरबारात ओढून आणलं त्या रविवारी खोलीत सगळ्या बायका दुःशासनाला शिव्या घालत होत्या. जिजी म्हणाली, "तो तं वाईटच हाये, त्याले काय शिव्या देता. या म्हाताऱ्याकडे पाहा. मोठं मानूस गप बसलं की झालंच मंग." ओसरीवर बंगईच्या कड्या कुरकुरायच्या थांबल्या. असं मला आता वाटतंय, की खरंच थांबल्या होत्या, ते सांगता येत नाही. आठवणीला ऐकू येणाऱ्या आवाजांवर फार विसंबू नये.

मराठी मालिकांचा महापूर आला तो 1999 नंतर. आधी अल्फा मराठी, मग ई टीव्ही. 'आभाळमाया'तल्या सुधा जोशीनं, म्हणजे सुकन्या कुलकर्णींनी, जिजीला पहिल्याच आठवड्यात जिंकलं. नवऱ्याचं बाहेर आहे हे कळल्यावरही ही बाई कॉलेजात शिकवायला जाते, याचं तिला अपार कौतुक. "पगार हाये म्हनून मान ताठ हाये," एवढंच ती म्हणायची. 'चार दिवस सासूचे' मात्र तिनं भक्तीनं पाहिली नाही, पहारा केल्यासारखी पाहिली. 2001 ते 2013, तीन हजारांवर भाग. या बारा वर्षांत आमच्या घरात दोन लग्नं झाली, माझे वडील गेले, आमची न् नानांची वाटणी झाली, विहिरीला पाणी राहिलं नाही म्हणून बोअर झाले, आणि बसराईच्या जागी टिश्यू कल्चरची रोपं येऊन केळीची सगळी शेतीच बदलली. रोहिणी हट्टंगडींची सासू मात्र जिथल्या तिथे उभी.

त्याच काळातलं लोडशेडिंग विसरता येणार नाही. ऐन मालिकांच्या वेळी लाईट जायची. पुण्याला माझ्याकडे कमी जायची, सावद्याला फार जायची. मग भाग बुडायचा. दुसऱ्या दुपारी पुन्हा दाखवतात म्हणून बसावं तर तेव्हाही लाईट नाही. जिजीनं यावर स्वतःचा उपाय शोधला होता. बुडालेला भाग ती अंदाजानं रचून सांगायची. अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात, हातात तुरीच्या शेंगा. "आता ती धाकटी गेली असीन दागिन्याच्या डब्याकडे. अन् नेमकी सासू आली असीन मांगून." माझ्या चुलतबहिणी आणि शेजारणी ऐकत बसायच्या. दोन दिवसांनी लाईट असायची तेव्हा कळायचं की जिजीचं बरोबर आहे. चुकलं असेल तर मालिकावाल्यांचं चुकलं असं ठरायचं, आणि मी त्यातले काही भाग पुण्यात पाहिलेले असल्यामुळे साक्षीनं सांगतो, तिची रचना पुष्कळदा जास्त बरी असायची. तिच्या भागात कोणी उगाच तीन वेळा मान वळवत नसे.

तिच्या आक्षेपांत एक गोष्ट कायम होती. तिला व्यवहार लागायचा. 'होणार सून मी ह्या घरची'तल्या सहा सासवा तिनं हसत मान्य केल्या, पण जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा तिचा संयम सुटला. त्या लांबलेल्या दिवसांची चेष्टा तेव्हा महाराष्ट्रभर झाली. सावद्यात ती केळीच्या हिशेबानं झाली. "हिले दिवस गेले तव्हा आपून खोडं लावली. घड कापले, दिल्लीले गेले, लोकायनं खाल्ले, साल्टं फेकली. हिचं काई होईना व माय." पुढे एका मालिकेतला शेतकरी नायक राणादा पडद्यावर आला तेव्हा त्याच्या भोळेपणाला ती भुलली नाही. तिचा प्रश्न साधा: "याच्या शेतात लाईन दिवसा येते का रात्री?" ज्या घरातली माणसं थ्री-फेज रात्री दोनला येते म्हणून बॅटरी घेऊन बागेत जातात, साप-विंचू पाहत पाणी भरतात, त्या घरातल्या बाईला हे विचारायचा हक्क होता. मालिकेत शेतकरी होता, बैल होते, मातीही होती. मोटर चालू करायला कोणी उठत नव्हतं. आणि दुसऱ्या एका मालिकेतल्या राधिकाच्या मसाल्यांचा धंदा बघता बघता कोट्यवधींत गेला तेव्हा, "धने कितीचे आनले, मिरची कितीची आनली, ते एकडाव तरी सांगा."

2015 पासून टीव्ही पाहणाऱ्यांची मोजणी 'बार्क'कडे आली आणि तिच्यात खेड्यांतली घरंही आली. त्यानंतरच्या एकदोन वर्षांत मालिकांमधून मालवणी ऐकू येऊ लागली, कोल्हापुरी आली, राधिकाच्या तोंडून वऱ्हाडी आली. कोणता चॅनल किती मिनिटं लागला हे ते यंत्र चोख सांगतं. समोर बसलेली बाई कौतुकानं पाहतेय की नायकाला उभा-आडवा झोडपतेय, ते त्याला कळत नाही. त्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. म्हणजे जिजीच्या घरी ते यंत्र असतं तर तिच्या इतक्या वर्षांच्या तक्रारी 'लोकप्रियता' या सदरात जमा झाल्या असत्या.

एकदा मी तिला म्हटलं, जिजी, सगळ्यांच्या बोली आल्या, बहिणाबाईंचं आसोदं इथे एवढं जवळ, आणि आपली काही येत नाही. मला वाटलं ती हळहळेल. ती म्हणाली, "बरं हाये नाई आलो. आपून आलो असतो तं नोकर म्हनून आलो असतो. नाई तं हसवाले."

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं आणि 28 तारखेपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. 16 एप्रिलला 7 कोटी 70 लाख लोकांनी ते पाहिलं, हा जागतिक विक्रम आहे, असं दूरदर्शननं जाहीर केलं. त्यांतली एक आमची जिजी. त्या एप्रिलात केळीला उठाव नव्हता, पिकलेला माल बागेत होता, आणि दारात उभं राहून पाहणारं कोणी नव्हतं. मी पुण्यातून फोन करायचो. राम झालेला अरुण गोविल कसा वाटतो आता, असं विचारलं तर ती त्याच्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "ती सीता पाह्यली का तू? तव्हा आपून तिच्या पाया पडत व्हतो. केवढीशी पोरगी व्हती व!" दीपिका चिखलिया 'रामायण' सुरू झालं तेव्हा बावीसचीही नव्हती. मधल्या तेहतीस वर्षांत जिजी म्हातारी झाली होती आणि सीतामाईची पोरगी झाली होती.

2022 च्या थंडीत जिजी गेली. फार आजारी नव्हती. 'आई कुठे काय करते' चालू होती. अरुंधतीनं घर सोडून स्वतःच्या पायावर उभं राहावं की नाही यावर तिचं आणि वहिनीचं, म्हणजे नानांच्या सुनेचं, रोज वाजायचं. जिजी अरुंधतीच्या बाजूची. ती मालिका पुढे 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. मी तिचे शेवटचे काही भाग मुद्दाम पाहिले. मधुराणी प्रभुलकरांनी काम चांगलं केलं होतं, एवढंच मला म्हणता आलं. हे काही मत नव्हे. मालिका पाहत असताना तिला उलट बोलणारं कोणी नसेल तर ती फार हळू चालते, हे मला तेव्हा कळलं.

जिजीचे दिवस झाले त्या रात्री आईनं एक गोष्ट सांगितली. मालिकांमध्ये एक ठरलेला प्रसंग असतो. कोणीतरी कागद पुढे करतो, घरातली भोळी बाई न वाचता सही करते आणि घर, कारखाना, शेत, जे असेल ते जातं. मराठीत, हिंदीत, तीस वर्षं हाच प्रसंग. आई म्हणाली, जिजी प्रत्येक गोष्टीवर बोलायची, याच्यावर कधी बोलली नाही. असला प्रसंग आला की ती उठायची. पाणी आणते म्हणायची, दिवा लावते म्हणायची. प्रसंग संपला की येऊन बसायची.

थोरले काका गेले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिला बैलगाडीतून तालुक्याच्या गावी नेलं होतं. हक्कसोड लिहून घ्यायला. कायद्यानं विधवेला हिस्सा होता, पण मूल नाही, बाई एकटी, जमीन एकत्र राहिलेली बरी, असं ओसरीवर ठरलं होतं. ती चौथी शिकलेली आहे हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. त्यानं शाईची डबी पुढे केली. तेव्हा जिजी म्हणाली, अंगठा नको, मी सही करते. आणि त्या घोटीव अक्षरात, पूर्ण नाव लिहून, तिनं सही केली. वाचून दाखवा असं ती म्हणाली नाही आणि कोणी दाखवलंही नाही. परत येताना तिला नवं लुगडं घेतलं. नाना तेव्हा जेमतेम विशीत होते. गाडी त्यांनीच हाकली.

यात कोणी खलनायक काढता येणार नाही. जिजीला पुढे खाण्यापिण्याला, औषधपाण्याला कधी कमी पडलं नाही, आजारपणात सुनांनी तिचं केलं, तिची खोली तिचीच राहिली. लेवा पाटलांच्या आमच्यासारख्या किती घरांत त्या काळी असे कागद झाले असतील. नाना तसे सज्जनच. आईही हे चहाडीच्या सुरात सांगत नव्हती, ताटं पुसता पुसता सांगत होती.

घरात आता टीव्ही भिंतीवर आहे, मोठा, पण समोर कोणी एकत्र बसत नाही. पुतणे कानात बोंडं घालून मोबाइलवर मालेगावच्या छोटू दादाचे व्हिडिओ पाहतात. ते व्हिडिओ कोट्यवधी लोक पाहतात आणि त्यांत खानदेशी बाजाची हिंदी दणकून असते. जिजीचं नोकराबद्दलचं म्हणणं तिथे निम्मं खोटं ठरलंय. हसवण्याबद्दलचं खरं. पुतणे हसतात तेव्हा कशाला हसले ते दुसऱ्याला कळत नाही. वहिनी साडेआठला स्टार प्रवाह लावून भाजी निवडते.

आणि नाना आता टीव्हीच्या समोर बसतात. ऐंशी ओलांडलीय, ऐकू कमी येतं, ओसरीवरून काही कळत नाही म्हणून खुर्ची आत आणून घेतलीय. मालिका पाहत नाहीत असं अजूनही सांगतात. गेल्या दिवाळीत मी गेलो होतो तेव्हा वहिनीची कसलीशी मालिका चालू होती. सुनेपुढे फाईल आली, पेन आलं, संगीत वाढलं, कॅमेरा तिच्या चेहऱ्याभोवती तीन फेऱ्या मारून आला. नाना पुढे वाकले.

"ही बाई वाचत काऊन नाई?" ते मोठ्यानं म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

वहिनीनं मेथीची जुडी सोडवत म्हटलं, "वाचलं तं पुढे कशी चालीन मालिका, नाना?"